घोड्याची चाल, गाण्याची चाल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्कॉटिश लोकगीतांच्या चाली अमेरिकेच्या घोडदळात कशा पोचल्या, यावरचा लेख वाचला. विषय माझ्या आवडीचा, म्हणून चहा निवला तरी वाचत बसले. लेख रंगतदार आहे. पण मी चाळीस वर्षं व्हायोलिन शिकवलं आहे. समोरच्याचा एक सूर घसरला तरी माझा हात आपोआप वर जातो. या लेखात तो दोन-तीनदा वर गेला, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची असेल तर खुशाल लावा. फक्त ‘गॅरीओवेन’ या गाण्याचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आधी मला लेखातलं ‘बॉनी डंडी’ हे गाणं कुठं भेटलं ते सांगते. २०१९ च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे होते, अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला. नातू तेव्हा अकरा वर्षांचा, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा. सरावाला त्याला एक पान मिळालं होतं. वर ठळक अक्षरांत ‘बॉनी डंडी’, कोपऱ्यात ‘स्कॉटिश’ आणि ताल सहा-आठचा. पोरगं ते असं काही पिटाळायचं की तिसऱ्या ओळीला बो (गज) तारेवरून घसरून थेट व्हायोलिनच्या घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या पट्टीच्या, पलीकडे. मी म्हटलं, अरे, ही घोड्याची कँटर चाल आहे, भरधाव दौड नव्हे. त्याला फरक कळेना. मग जेवणाच्या टेबलावर बोटांनी दाखवलं. घोडा नुसता चालतो तेव्हा चार टापा सुट्या सुट्या पडतात. दुडक्या चालीत दोन-दोन. कँटरमध्ये तीन टापा पडतात आणि मग निमिषभर चारी पाय जमिनीवरून सुटलेले असतात. टप-टप-टाप, अन् एक दम. त्या दमातच पुढच्या ओळीचा उचल-स्वर येतो. घाई केली की दम जातो, आणि दम गेला की घोडाही गेला.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी सोपं करून सांगते. शाळेत गण पाठ केलेले आठवत असतील. लघु-लघु-गुरू म्हणजे स गण, आणि असे चार स गण ओळीने मांडले की तोटक वृत्त. ‘बॉनी डंडी’ची इंग्रजी ओळ अगदी तशीच आहे, बारा अक्षरं आणि चार हिसके. इंग्रजीत मात्रा मोजत नाहीत, आघात मोजतात, हा भेद आहेच. पण टेबलावर बोटं आपटताना तो जाणवत नाही. ब्रिटिश घोडदळाच्या संचलनात कँटरला हीच चाल वाजायची ती उगाच नव्हे. किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये रावळपिंडीच्या छावणीतला घोडासुद्धा याच चालीची वाखाणणी करतो.

तर आम्ही आजी-नातू असे टेबल बडवत असताना शेजारचे एक वयस्कर गृहस्थ अंगणातली पानं गोळा करायचं सोडून कुंपणाशी येऊन उभे राहिले. दोन वेळा ऐकलं आणि म्हणाले, ‘माझी आजी हे म्हणायची, पण शब्द वेगळे होते.’ आणि त्यांनी धृपद म्हणून दाखवलं. आवाज थरथरत होता, पण लय पक्की. तंग आवळा, लगाम सैल सोडा, घोंगडं बांधा, पिस्तुलाचा चाप तपासा, तलवार तोलून बघा, कारण छाप्यावर निघालेल्याची मांड पक्की हवी. हेच ते ‘रायडिंग अ रेड’, १८६३ साली रिचमंडमध्येच छापलेलं. त्या दिवसापासून मी या गाण्याच्या मागे लागले.

आता मूळ गाण्याकडे. ते स्कॉटिश कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटनं २२ डिसेंबर १८२५ रोजी लिहिलं. त्याच्या रोजनिशीतच नोंद आहे की ‘बॉनी डंडी’ची चाल दिवसभर डोक्यात घुमत होती, म्हणून जेवणाआधी तिच्यावर चार कडवी करून टाकली. आपल्याला एवढ्या वर्षांनी स्वतःहून कविता करायची लहर कशी आली, याचं त्यालाच नवल वाटलं. वादळ ओसरलंसं वाटताच पाखरं गातात, तशातलं असेल, असंही तो म्हणतो. वादळ ओसरलं नव्हतं. महिनाभरातच त्याचे प्रकाशक आणि छापखाना बुडाले, एक लाख पौंडांहून जास्त कर्ज त्याच्या डोक्यावर आलं आणि उरलेलं आयुष्य ते फेडण्यात गेलं.

तेव्हा लेखात म्हटलंय तसं हे ‘डोंगरदऱ्यांत शतकानुशतकं गायलं जाणारं गीत’ नाही. शब्द एका नामांकित लेखकाचे, तारखेसकट. ‘बॉनी डंडी’ नावाची जुनी चाल होती हे खरं. सतराव्या शतकातल्या हस्तलिखितात ती सापडते आणि १७२८ च्या ‘बेगर्स ऑपेरा’ या संगीत नाटकातही तिचा वापर आहे. पण त्या जुन्या चालीतलं डंडी म्हणजे डंडी हे गाव. स्कॉटनं त्या नावावर माणूस बसवला. आणि आज जी घोडदौडीची चाल आपण ऐकतो ती वेगळीच आहे. ती एकोणिसाव्या शतकात स्कॉटच्या शब्दांना चिकटली आणि मैफलींतून, दिवाणखान्यातल्या पियानोवरून घरोघरी गेली. गवताचा वास हवा म्हणून कुणी तिच्याकडे गेलं तर हाती वॉर्निशचा वास येईल. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. फक्त ‘लोकधून’ म्हणायची घाई नको.

स्कॉटनं ज्याला ‘बॉनी’, म्हणजे देखणा, ठरवला तो डंडी म्हणजे क्लॅव्हरहाउसचा जॉन ग्रॅहम, व्हायकाउंट डंडी. १६८९ च्या मार्चमध्ये एडिंबरोत जमलेल्या सरदारांनी राजा जेम्स स्टुअर्टची बाजू सोडायचं मनावर घेतलं, तेव्हा हा पन्नासेक स्वार घेऊन शहराबाहेर पडला. ‘वेस्ट पोर्टचा दरवाजा उघडा, मला जाऊ द्या, डंडीच्या बॉनेटवाल्यांना वाट द्या’ ही आरोळी स्कॉटनं त्याच्या तोंडी घातली आहे. बॉनेट म्हणजे इथं बायकांची फितींची टोपी नव्हे. स्कॉटिश पुरुष घालत ती लोकरीची चपटी टोपी. त्याच वर्षी २७ जुलैला किलीक्रँकीच्या खिंडीत डंडीच्या माणसांनी लढाई मारली आणि त्याच लढाईत डंडी गोळी लागून मेला. पराक्रम झाला, पण हा झाला गाण्यातला डंडी. दक्षिण-पश्चिम स्कॉटलंडातल्या प्रेस्बिटेरियन (बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या) शेतकऱ्यांच्या घरांत याच माणसाचं नाव ‘रक्ताळलेला क्लॅव्हर्स’ होतं. उघड्या माळावर चोरून प्रार्थनेला जमणाऱ्यांच्या मागे यानं वर्षानुवर्षं घोडेस्वार घातले होते. देखणा कुणासाठी आणि रक्ताळलेला कुणासाठी, हे तुम्ही कुठल्या घरात जन्मलात यावर होतं.

हे पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता रिचमंडचं गाणं. लेखात त्याला ‘अमेरिकेच्या घोडदळाचं गीत’ म्हटलंय. हात वर गेला तो इथं. ते अमेरिकेच्या सैन्याचं नाहीच. अमेरिकेतून फुटून निघालेल्या, गुलामगिरी टिकावी म्हणून लढणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांचं आहे, आणि १८६३ साली त्यांची राजधानी रिचमंडच होती. गाण्याचा नायक त्यांच्या घोडदळाचा सेनापती जेब स्टुअर्ट. लाल अस्तराचा झगा, पिवळा कमरपट्टा आणि हॅटमध्ये शहामृगाचं पीस, असा त्याचा थाट. १८६२ च्या जूनमध्ये बाराशे स्वार घेऊन यानं उत्तरेच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या, अख्ख्या फौजेला वळसा घातला होता. ऑगस्टमध्ये मात्र एका सकाळी उत्तरेच्या स्वारांनी त्याला बेसावध गाठलं आणि ती हॅट, तो झगा टाकून त्याला पळावं लागलं. चारच दिवसांनी कॅटलेट स्टेशनवर छापा घालून त्यानं उत्तरेच्या जनरल पोपचा कोट पळवून आणला. हॅटच्या बदल्यात कोट! आपल्याकडे असतं तर यावर पोवाडा झाला असता. तिकडे ‘बॉनी डंडी’ची चाल घेतली.

ज्यानं कुणी हे शब्द बसवले तो कच्चा नव्हता. दोन्ही धृपदं शेजारी ठेवून पाहा. स्कॉटकडे एका ओळीत दोन आज्ञा येतात: पेला भरा, सुरई भरा, घोड्यांवर खोगीर चढवा, माणसांना हाक द्या. रिचमंडवाल्यानं तोच साचा उचलला, फक्त पेला आणि सुरई काढून तिथं तंग आणि लगाम घातले. डंडीचे लोक पिऊन निघतात, स्टुअर्टचे कोरडेच. बॉनेटच्या जागी पीस आलं: ज्याला मानाची चाड आहे त्यानं आज रात्री स्टुअर्टच्या पिसामागे यावं. वेस्ट पोर्टच्या दरवाजाच्या जागी नदी आली, ती काही फार रुंद नाही, आणि पलीकडे मेरीलँडच्या खिडक्यांतले दिवे वाट दाखवतायत. पन्नास स्वारांचे तीन हजार घोडे झाले. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल: अमुक तमुक’ असं छापलेलं असे आणि प्रेक्षकाच्या कानात आधीची चाल घुमत असताना नव्या शब्दांना आयता उठाव मिळे. इथंही तेच. ऐकणाऱ्याला डंडी माहीत होता, म्हणून स्टुअर्टला वेगळं मोठं करायची गरजच पडली नाही. त्यातून आडनाव स्टुअर्ट! डंडी ज्या राजघराण्यासाठी मेला त्याचंच.

पण या गाण्याची सुरुवात ज्या माणसानं होते तो आहे स्टोनवॉल जॅक्सन. तलवारीवर रेलून तो हळू आवाजात देवाची प्रार्थना करतोय आणि बाकीचे घोड्यावर चढतायत. जॅक्सन कोण? दक्षिणेचाच एक सेनापती, कट्टर प्रेस्बिटेरियन, लेक्सिंग्टनच्या चर्चमधला डीकन, म्हणजे पदाधिकारी. म्हणजे डंडीनं ज्यांचा पाठलाग केला त्यांच्याच पंथाचा माणूस, डंडीच्याच गौरवाच्या चालीवर, डोळे मिटून प्रार्थना करतोय. हे मला उमगलं तेव्हा मी रिचमंडच्या त्या स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. मुलीला वाटलं, आईला काय झालं.

स्टुअर्टच्या तंबूत सॅम स्वीनी नावाचा बँजोवादक होता. सेनापतीला गाण्याचा नाद, म्हणून त्याला मुद्दाम जवळ ठेवलेला. बँजो हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत घडवलं. भोपळ्याला कातडं ताणून, काठीला तारा बांधून. चाल एका किनाऱ्याची, वाद्य दुसऱ्या किनाऱ्याचं, आणि ज्यांचं वाद्य त्यांनाच बेडीत ठेवण्यासाठी ती फौज लढत होती. लेखात स्कॉटलंड-अमेरिका एवढीच रेघ ओढली आहे, तिसरी बाजू राहून गेली.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेननं १८८३ मध्ये ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’त लिहिलंय की दक्षिणेला सर वॉल्टरचा आजार जडला होता आणि त्या युद्धाला बऱ्याच अंशी तोच जबाबदार आहे. ट्वेन मीठमसाला घालतोच. युद्धाचं कारण गुलामगिरी होतं, स्कॉट नव्हे. पण दक्षिणेतल्या जमीनदारांची पोरं स्कॉटच्या कादंबऱ्या वाचून स्वतःला सरदार समजत घोड्यावर बसत, हे काही त्यानं मनचं लिहिलेलं नाही.

आता ‘गॅरीओवेन’. कृपा करून याची दुरुस्ती छापाच. हे गाणं स्कॉटिश नाही, आयरिश आहे. गॅरीओवेन हा लिमरिक शहराचा एक भाग, नावाचा अर्थ जॉनची (आयरिशमध्ये ‘ओइन’ची) बाग. मूळ शब्दांत वीररस वगैरे नाही. प्यायलेली उनाड पोरं खिडक्या फोडतात, पहारेकऱ्यांना लोळवतात आणि वर त्याचीच फुशारकी मारतात. घोटाळा कुठून झाला असेल याचा माझा एक तर्क आहे. एडिंबरोचा प्रकाशक जॉर्ज थॉमसन यानं स्कॉटिश आणि आयरिश दोन्ही चाली बेटोव्हेनकडे साज चढवायला पाठवल्या होत्या आणि ‘गॅरीओवेन’ त्यांत होती. एका पेटीत राहिलेल्यांना लोक भाऊ समजतात.

ही चाल मात्र खरोखर अमेरिकेच्या घोडदळाची. १८६६ साली कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीला उभी राहिलेली सातवी कॅव्हलरी आजही ती वाजवते. तिचा सर्वांत नामांकित प्रसंग लेखात ‘रोमहर्षक’ म्हणून आला आहे, म्हणून तो नीट सांगायला हवा. २७ नोव्हेंबर १८६८, वॉशिटा नदीचा काठ, आजच्या ओक्लाहोमातला. बर्फ पडलेलं, पहाट. समोर शायेन या मूळ अमेरिकी जमातीचा प्रमुख ब्लॅक केटल याची झोपलेली वस्ती. सातव्या कॅव्हलरीचं नेतृत्व करणाऱ्या कस्टरनं बँडला खूण केली, ‘गॅरीओवेन’ सुरू झालं आणि काही सुरांतच थांबलं. वादकांची थुंकी वाद्यांत गोठली होती. ज्यानं थंडीत पितळी वाद्याला ओठ लावलाय त्याला ते कसं होतं ते कळेल. आधी आवाज घोगरा, मग फक्त हवा. चाल थांबली, घोडे थांबले नाहीत. ब्लॅक केटल मेला, त्याची बायको मेली, वस्तीतल्या बायकामुलांवरही गोळ्या चालल्या. यात रोम कुणाचे हर्षले ते मला माहीत नाही. आणि २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मेला तेव्हा ‘गॅरीओवेन’ वाजत असल्याचं चित्र लेखात रंगवलंय. तिथं बँड नव्हताच. तो मागं पावडर नदीवरच्या तळावर ठेवला होता आणि वादकांचे घोडे शिपायांना दिले होते.

या दोन चालींची एक गाठ मात्र खरीच पडलेली आहे आणि ती लेखकाच्या नजरेतून सुटली याची हळहळ वाटली. ११ मे १८६४ रोजी रिचमंडच्या वेशीवर, यलो टॅव्हर्नला, जेब स्टुअर्टला गोळी लागली. गोळी झाडणारा शिपाई पाचव्या मिशिगन कॅव्हलरीचा होता, आणि त्या ब्रिगेडचा प्रमुख होता कस्टर. ‘गॅरीओवेन’ त्याच्या नावाला चिकटायला अजून अवकाश होता. स्टुअर्ट दुसऱ्या दिवशी गेला, वय एकतीस. जाताना त्यानं भोवतीच्यांना एक भजन म्हणायला लावलं. छाप्याचं गाणं नव्हे.

खरं लोकगीत, ज्याला कुणाची सही नाही आणि जे घोडेस्वारांबरोबरच फिरलं, असं हवं असेल तर अ‍ॅबर्डीनशायरमधल्या फायवी गावाचं गाणं घ्या. आयरिश ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरचे शिपाई, गावातून जातात. त्यांचा कप्तान तिथल्या पोरीवर भाळतो, ती नाही म्हणते, तो झुरून मरतो. बस्स, एवढंच. हे गाणं छापखान्याच्या नव्हे, तोंडाच्या वाटेनं समुद्रापार गेलं. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस १९१६ ते १९१८ दरम्यान गाणी टिपत हिंडले तेव्हा ते त्यांना ‘प्रिटी पेगी’ होऊन भेटलं. फायवी हे नाव अमेरिकेत झिजत झिजत ‘फेनारिओ’ झालं, जे कुठल्याच नकाशात नाही. लोकांच्या तोंडी गेलेलं गाणं असं झिजतं. ‘बॉनी डंडी’ झिजलं नाही, त्याला नवी बाही शिवली. शिवण दिसते.

त्या ऑक्टोबरात नातवाला घेऊन मी मॉन्युमेंट अव्हेन्यूवरचा स्टुअर्टचा पुतळा पाहायला गेले. १९०७ मध्ये उभारलेला, घोड्याचा एक पाय उचललेला, स्वार खोगिरातच वळून मागे पाहतोय. मला सारखं वाटत होतं, हे मी कुठं तरी पाहिलंय. रात्री आठवलं: कोलकात्यात, व्हिक्टोरिया मेमोरियलला. इंग्रजांचा जनरल औट्रम असाच वळून बसलाय. शिल्पकार जॉन फोलीच्या त्या औट्रमवरच रिचमंडचा हा पुतळा बेतला होता. चाल डंडीची, बैठक औट्रमची, पीस तेवढं स्वतःचं. ७ जुलै २०२० ला तो पुतळा उतरवला. मुलीनं व्हिडिओ पाठवला होता. क्रेननं उचलल्यावर घोडा हवेत किंचित गोल फिरला, चारी पाय जमिनीवरून सुटलेले.

नातू आता कॉलेजला जाईल. परवा त्यानं ते सरावाचं पान फोनवर दाखवलं. कोपऱ्यातला ‘स्कॉटिश’ हा शब्द त्यानं खोडलेला नाही. त्याच्या खाली पेन्सिलीनं ‘एडिंबरो १८२५’ आणि त्याखाली ‘रिचमंड १८६३’ असं लिहिलंय. तिसऱ्या ओळीच्या शेवटी माझ्या अक्षरात ‘दम’ असं आहे, देवनागरीत. त्याच्या शिक्षिकेनं वर्गात विचारलं होतं म्हणे, ही कुठली खूण?

आपली एक जुनी वाचक,
निवृत्त व्हायोलिन शिक्षिका